कोकिळाबाईंचं पांढरं पातळ

मेहकरच्या दवाखान्यातल्या कोकिळाबाई येत्या वर्षी सेवानिवृत्त होतील आणि त्यांच्या मागोमाग मीही. त्या दवाखान्यात आणि मी खरेदी-विक्री संघाच्या हिशेब खात्यात, मध्ये फक्त एक रस्ता. निवृत्त झाल्यावर माणसं आपापल्या गावी जातात आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून आमच्या घरावर त्यांचे जे उपकार आहेत ते आताच, आठवतील तसे, क्रमानं लिहून ठेवतो.

कोकिळाबाई अंगानं लहान, पण चालीला दमदार. मूळच्या लोणारकडच्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा तापानं गेला. काही वर्षं सासरी, काही भावाकडे काढली. पुढे ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं. मला त्यांच्याबद्दल सुरुवातीला एवढंच ठाऊक होतं.

ही गोष्ट सुरू झाली तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी होती, खेड्यांत आरोग्य केंद्रं उघडत होती. इमारत उभी राही, औषधं येत, पण नर्स मिळत नसे. मिळाली तर ती फार लांबून आलेली असे. तिला आमच्या बायकांची बोली कळायची नाही आणि बायकांना तिची. पोटात कळ कुठे येते हे सांगण्यातच अर्धा दिवस जायचा. कोकिळाबाईंचं म्हणणं साधं होतं. इथल्याच मुली शिकल्या पाहिजेत. त्यासाठी त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता, भत्ता नव्हता. रविवारची सुट्टी असली की त्या आणि त्यांच्या सोबतच्या नर्स पुष्पाबाई एसटीनं एखाद्या गावाला जात. बायकांना गोळा करून पाणी उकळून प्यायचं, बाळाची नाळ विळ्यानं कापायची नाही, जखमेवर शेण लावायचं नाही, हे समजावून सांगत. आणि उठण्यापूर्वी विचारत, गावात सातवी पास झालेली मुलगी आहे का, तिला शिकायला पाठवता का.

मीच त्यांना म्हणालो, आमच्या साखरखेर्ड्याला या. तिथे माझे थोरले बंधू पंजाबराव शेती पाहत. आई गोजरबाई त्यांच्याजवळ. वहिनी रुक्मिणीबाई, आणि दादांची मुलगी कौशल्या, जी नुकतीच सातवी पास होऊन घरी बसली होती. मी दर शनिवारी गावी जायचो आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परतायचो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी दोघी आल्या. मुलींना हे काम आवडावं म्हणून मुद्दाम दवाखान्याचे कपडे घालून आल्या होत्या. पांढरीशुभ्र, इस्त्रीची पातळं. हात मोकळे, कारण बाळंतपणाच्या कामात काचेच्या बांगड्या चालत नाहीत. आमची ओसरी बायकांनी भरली. पुष्पाबाईंनी हात कसे धुवायचे ते करून दाखवलं. बायकांनी पुष्कळ प्रश्न विचारले. मग मुलीची गोष्ट निघाली तेव्हा कौशल्या मागून उठून म्हणाली, "मी हाय सातवी पास. मले जायचं हाय."

आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती खाली बसली. चहा झाला, दोघी निघाल्या.

परतीच्या गाडीत मी त्यांच्या मागच्या बाकावर होतो. पुष्पाबाई म्हणाल्या, "कोकिळाताई, निघताना कोणी मला कुंकू लावलं नाही. लक्षात आलं का तुमच्या?"

आमच्याकडे सवाष्ण बाई घरातून निघाली की तिला कुंकू लावतात, मग ती पाणी प्यायला आलेली का असेना. कोकिळाबाईंना ते लावण्याचा प्रश्न नव्हता. पण पुष्पाबाईंचा नवरा एसटीत कंडक्टर होता, धडधाकट होता.

"माझा माणूस सकाळी भाकर खाऊन ड्युटीवर गेला हो," पुष्पाबाई म्हणाल्या. "या बायांनी त्याला दुपारपर्यंत मारूनच टाकलं."

दोघी खूप हसल्या. पण हसणं थांबल्यावर कोकिळाबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. पांढरं पातळ, बोडके हात, आणि कपाळावरची टिकली पदराखाली. गावातल्या बायांनी दोघींना विधवा ठरवलं होतं. आतापर्यंत कितीतरी गावांतून त्या अशाच हिंडल्या होत्या, आणि एकाही गावातून मुलगी का मिळाली नाही ते त्यांना त्या गाडीत कळलं.

पुढच्या शनिवारी आईनं तेच मला उघड सांगितलं. "बाया चांगल्या हायेत बिचाऱ्या. नवरा मेल्यावर बाईले काई तरी करा लागते. पर माह्या नातीचं अजून लगन नाई झालं. तिले काऊन पांढरं नेसवता?"

पुष्पाबाईंचा नवरा जिवंत आहे, मी त्याला ओळखतो, असं मी सांगितलं.

"मंग हातात बांगडी काऊन नाई?"

कामाच्या वेळी उतरवून ठेवावी लागते, म्हणालो.

"नवरा जित्ता असताना बांगड्या उतरवते?" आई म्हणाली. "हे तं त्याहून वाईट. तू शिकून नुसता पेन चालवला बाप्पा, तुले बायकांतलं काय समजते?"

मला खरंच समजत नव्हतं. आणि वेळही फार नव्हता. देऊळगावराजाकडचं एक स्थळ कौशल्याला पाहून गेलं होतं. घर चांगलं होतं, दादांना पसंत होतं. संक्रांत झाली की ते लोक सुपारी फोडायला येणार होते. आमच्यात सुपारी फुटली की मुलगी दिल्यासारखीच. मी निघताना कौशल्या पिशवी घेऊन वेशीपर्यंत आली. लहानपणापासून कमी बोलणारी मुलगी. तेव्हा एवढंच म्हणाली, "काका, सुपारी फुटली तं मंग मले कोनी इचारणारच नाई."

मी हे कोकिळाबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि संक्रांतीला गावात हळदीकुंकू कोणाकडे असतं ते विचारलं. आमच्याकडेच असतं, म्हणालो.

संक्रांतीनंतरच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. या वेळी पुष्पाबाईंनी हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू आणि कोपरापर्यंत बांगड्या घातल्या होत्या. नवऱ्यालाही सोबत आणलं होतं. तो खाकी कपड्यांत अंगणात आमच्याजवळ बसला आणि येणारी प्रत्येक बाई त्याला निरखून आत गेली. एक म्हातारी तर जवळ येऊन विचारून गेली, "तुमीच का ते?" तो म्हणाला, "हाव मावशी, मीच. अजून जित्ता हाय."

आत बायका एकमेकींना वाण देत होत्या. कोणी बोरं, कोणी फण्या. पुष्पाबाईंनी वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात साबणाची वडी ठेवली. त्यावरून हशा झाला. वहिनी म्हणाल्या, "काय वं पुष्पाबाई, आमी इतक्या मळकट दिसतो का?" पुष्पाबाईंनी सांगितलं, बाळंतिणीला हात लावण्याआधी वापरा आणि संपली की मला निरोप पाठवा. बांगड्या वाजवत बोलणारी ही बाई बायांना आपली वाटली. दवाखान्यात बांगड्या कशा काढून ठेवते आणि घरी येऊन कशा पुन्हा भरते, तेही तिनं सांगितलं.

पण आमच्या घरातला निकाल आत लागणार नव्हता. हळदीकुंकवात विधवेला जागा नाही. आई त्या दिवशी नेहमीसारखी मागच्या अंगणात हरभऱ्याचे घाटे सोलत बसली होती. कोकिळाबाई पांढऱ्या पातळातच आल्या होत्या. त्या वळसा घालून मागे गेल्या, आईसमोर बसल्या आणि सूप पुढे ओढून घाटे सोलू लागल्या. मी पाणी घ्यायला मागे आडाजवळ आलो होतो. आईनं मला पाहिलं, पण जायला सांगितलं नाही.

"तू आत नाई गेली?" आईनं विचारलं.

"मला कोण बोलावील मावशी? माझा नवरा नाही."

"मंग एक तं खरी निघाली," आई म्हणाली.

मग आईनं विचारायला सुरुवात केली. नवरा कशानं गेला, सासरी कोण आहे, सणाला कोणाकडे जेवतेस. कोकिळाबाईंनी सरळ उत्तरं दिली. म्हणाल्या, सासरी होते तेव्हा सकाळी कोणी कामाला निघालं की मला आतल्या खोलीत बसायला सांगत, म्हणजे माझं तोंड आडवं येऊ नये. भावाकडेही तेच. आई मान हलवत होती. ते तिला सांगावं लागत नव्हतं. आमचे वडील गेल्यापासून तीही गावातल्या कुठल्या लग्नात पुढे झाली नव्हती.

"अन मंग हे?" आईनं त्यांच्या पातळाकडे बोट केलं. "हे बी तं पांढरंच हाय."

"हे मला कोणी नेसवलं नाही मावशी. हे मी परीक्षा देऊन घेतलं," कोकिळाबाई म्हणाल्या. "त्या पांढऱ्यात मला पाहून लोक वाट बदलत होते. या पांढऱ्यात मला न्यायला बैलगाडी घेऊन येतात. घरात मूल व्हायचं असलं की सगळ्यात आधी मलाच आत घेतात."

आईचे हात थांबले. तिनं विचारलं, "अन पोट्टीचं लगन? जमंन?"

मला वाटलं, आता कोकिळाबाई हो म्हणतील. कोणीही म्हटलं असतं. त्या म्हणाल्या, "ते मी कसं सांगू? काही घरं नाही म्हणतील. देऊळगावचे थांबतील असं मला वाटत नाही. पण पुष्पाबाईचं जमलं, आणखी दोघी-तिघींचं जमलं. शिक्षण होईपर्यंत मी तिच्यावर लक्ष ठेवीन, एवढं मात्र सांगते."

आईनं सोललेले दाणे त्यांच्या पदरात घातले आणि म्हणाली, "घेऊन जाय. उसळ करजो."

संध्याकाळी दादा वावरातून आले. आईनं त्यांना हातपाय धुऊ दिले, जेवू दिलं. मग म्हणाली, "देऊळगावच्यायले निरोप दे. दोन वर्सं थांबा म्हना. नाई थांबत तं दुसरीकडं पाहा म्हना."

दादा चिडले. मलाच बोलले, मेहकरहून हे वारं मी घरात आणलं म्हणून. आईनं त्यांना मध्येच थांबवलं. "त्या बाईले मी इचारलं, जमंन का. ते खोटं बोलली असती तं मी पोट्टीले पाठवलं नसतं. मले आजवर कोनी इतकं खरं नाई सांगितलं."

देऊळगावचे लोक थांबले नाहीत. दादा त्यानंतर कित्येक महिने माझ्याशी कामापुरतं बोलत. कौशल्या बुलढाण्याला शिकायला गेली तेव्हा ते गाडीवरही आले नाहीत. आई आली. गाडी निघेपर्यंत ती उन्हात उभी होती, आणि विधवेनं निरोपाला समोर उभं राहू नये असं कोणीतरी पुटपुटलं तेव्हा तिनं त्या बाईकडे पाहिलंसुद्धा नाही.

कोकिळाबाईंनी दिलेला शब्द पाळला. महिन्याकाठी एक रविवार त्या गावांऐवजी बुलढाण्याला जात. कौशल्या पहिल्याच महिन्यात रक्त पाहून घाबरली, परत येते म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला रागावलं नाही. स्वतःला पहिल्यांदा घेरी आली होती ती गोष्ट सांगून तिला खूप हसवलं, असं कौशल्यानंच मला सांगितलं. ती पास झाली. पहिलं पांढरं पातळ नेसून गावी आली तेव्हा आईनं तिला आधी दारात उभं करून वरून खालपर्यंत पाहिलं आणि पदर नीट करून दिला. दादा बैठकीतून उठून बाहेर आले. आलेल्या पाहुण्याला म्हणाले, "माही पोरगी. दवाखान्यात हाय."

पुढे तिचं लग्नही झालं, सिंदखेडराजाकडच्या महादेवराव नावाच्या शिक्षकाशी. सोपं गेलं नाही. दोन घरांनी नाही म्हटलं होतं. आता ती लोणार रस्त्यावरच्या एका केंद्रात आहे. माझ्या थोरल्या सुनेचं अडलेलं बाळंतपण तिनंच केलं, आणि आईच्या शेवटच्या आजारपणात रजा घेऊन तीच उशाशी होती. आमच्या एका घराला जे मिळालं ते एवढं. साखरखेर्ड्यातून तिच्यामागून आणखी मुली गेल्या. त्यांच्या घरांतही अशाच गोष्टी असतील. बुलढाण्याला निघालेल्या मुली आजही मेहकरला गाडी बदलताना कोकिळाबाईंच्या खोलीवर मुक्काम करतात, आणि सकाळी त्या त्यांना डबा बांधून देतात.

मागच्या आठवड्यात मी रस्ता ओलांडून मुद्दाम त्यांना भेटायला गेलो. इतकी वर्षं मनात असलेलं सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. त्या सुया उकळायला ठेवत होत्या. मी म्हणालो, "बाई, तुम्ही आमच्यासाठी जे केलं त्याचे आभार मानायचे राहिलेच."

त्या म्हणाल्या, "आभार राहू द्या. बायकांशी आम्ही बोलतो, पण घरातले पुरुष उठून वावरात निघून जातात. त्यांच्याजवळ बसून बोलायला कोणी पाहिजे. या रविवारी अंजनी बुद्रुकला जायचं आहे. येता का?"

मी येतो म्हणालो. सकाळची पहिली गाडी आहे.