गाडीला झोप लागत नाही

आमच्या हिच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या अलिबाग तालुक्यात सापडायचा नाही. माणसांवर मात्र ते कधीच संशय घेत नाहीत. दारात आलेल्याला आधी चहा, मग चौकशी. त्यांचा संशय असतो तो वस्तूंवर. टेलिफोन खात्यात लाइनवरची खरखर कुठून येते हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर किहीमला नारळाच्या वाडीत येऊन राहिले तरी ती खरखर काही त्यांच्या कानांतून गेली नाही. पंखा जरा कुरकुरला की ते भरल्या ताटावरून उठतात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माइक खरखरू लागला, तर हे वायर धरून मांडवाबाहेर चालते झाले आणि दोष सापडेपर्यंत त्यांनी भटजींना गप्प बसवलं. मी अंतरपाटाच्या अलीकडे हार धरून ताटकळत उभा. परत आल्यावर त्यांनी मला समजावलं, "जावईबापू, जोड ढिला होता. संसाराची सुरुवात ढिल्या जोडाने करू नये."

अशा माणसाच्या वाडीत त्यांचा मुलगा जर्मनीला जाताना आपली गाडी ठेवून गेला. पेट्रोलवरही चालणारी आणि घरच्या प्लगवर चार्ज होणारी. तिच्यात बॅटऱ्या दोन. एक मोठी, गाडी चालवणारी. आणि एक साधी बारा व्होल्टची, गाडीला जाग आणणारी. मोठी काठोकाठ भरलेली असली तरी छोटी उतरली की गाडी ढिम्म. आणि छोटी सारखी उतरायची. अलिबागच्या गॅरेजवाल्याने नवी बसवून दिली, तीही उतरली. मामींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी तर सकाळी दारच उघडेना. मामी रिक्षाने गेल्या, आणि डोळ्यावरची पट्टी सुटायच्या आत निकाल देऊन मोकळ्या झाल्या, "विका ही गाडी. वेळेला उपयोग नाही तिचा." मुलगाही फोनवर म्हणाला, "तुम्हाला त्रास होत असेल तर विकून टाका, बाबा." मामांनी मला बोलावून घेतलं तेव्हा त्यांचा आवाज पडला होता. "पोरगं भरवशाने ठेवून गेलंय," ते म्हणाले. "आणि दोष न शोधता विकायची म्हणजे..."

मी दुपारी पोचलो तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि बॅटरीच्या तारेत मामांचं जुनं मीटर जोडलेलं होतं. "ही बंद केली तरी लगेच झोपत नाही," त्यांनी कुजबुजत सांगितलं. "आतली यंत्रं एकेक करून मिटतात. झोपली की वीज नावापुरती खाते. हिची झोप कोण मोडतंय ते आपल्याला बघायचंय." चावी जवळ आली तरी गाडी जागी होते, म्हणून चावी स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यात. मामींना मिक्सर लावायची बंदी, त्याचा गाडीशी काय संबंध, असं त्यांनी विचारलं तर मामा म्हणाले, "नसेलही, पण शंका नको." मला खोकला आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पाळण्यातलं मूल उठवत होतो. आम्ही माडाखाली उकिडवे बसून राहिलो. मीटरवरचा आकडा हळूहळू उतरत पार तळाला गेला. आणि कुणी जवळपासही नसताना गाडीत टक् असा आवाज झाला, आकडा झर्रकन वर चढला. थोड्या वेळाने ती पुन्हा निजली. पुन्हा टक्.

"कुणीतरी बाहेरून हाक मारतंय तिला," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. तिथल्या तिथे त्यांनी मुलाला फोन लावला आणि माझ्यासाठी स्पीकर चालू केला.

"तू आत्ता गाडीला काही केलंस?"

"नाही, बाबा. फोनवरचं ॲप उघडलं होतं फक्त."

"कशाला?"

"गाडीच्या कॅमेऱ्यातून वाडी दिसते. जेवणाच्या सुट्टीत बघतो मी. सकाळी उठल्यावर, ऑफिसात पोचल्यावरही. आत्ता तुम्ही दोघं माडाखाली बसलेले दिसलात." मग म्हणाला, "कोपऱ्यातली पोफळ दिसत नाही हल्ली. पडली का?"

"वाऱ्याने मोडली. तुला सांगायचं राहिलं."

"मग बॅटरी माझ्यामुळे उतरते का, बाबा?"

मामा मीटरकडे बघत राहिले. एवढा शोधून काढलेला दोष त्यांच्या ओठांवर आला होता, मला दिसत होता. "छे, तसं काही नाही," ते म्हणाले. "मी बघतो काय ते. तू जेवून घे."

सापडलेला दोष त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तसाच राहू दिला. छोट्या बॅटरीला आता पडवीतून एक बारका चार्जर जोडलेला असतो. गाडी विकायचं मामीही काढत नाहीत; उलट भाजी निवडायला गाडीच्या पुढ्यातच पाट टाकून बसतात. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा मामा इस्त्रीचा सदरा घालून झाडांना पाणी देत होते. कुठे निघालात का, विचारलं तर म्हणाले, "नाही, इथेच." तेवढ्यात गाडीत टक् झालं. मामांनी पाण्याची नळी खाली ठेवली, केसांवरून हात फिरवला, आणि कोपऱ्यात पोफळीचं नवं रोप लावलंय त्याच्या शेजारी जाऊन, काही न करता, जरा वेळ नुसते उभे राहिले.