बांधावरचा पाचवा गिअर

गाडीला रिव्हर्स गिअर नाही, ही माहिती मला मिठागराच्या बांधावर मिळाली. डावीकडे खारं पाणी, उजवीकडे खारं पाणी, आणि मधे मी.

आता पहिल्यापासून सांगतो. आमचं गाव रेवसच्या अलीकडे. वडील मिठागरात राबले, मी ट्रक घेतला. अठ्ठावीस वर्षं दहा चाकी चालवली. घाटात चालवली, पुरात चालवली, एकदा तर ब्रेक नसताना पनवेलपर्यंत आणली. (हे मंदाला, म्हणजे आमच्या मंडळींना, अजून माहीत नाही.) त्यामुळे माझी मुलगी ऋतुजा आणि तिची मुरूडची मैत्रीण फरहीन यांनी कॉलेजच्या स्पर्धेसाठी आमच्याच शेडमध्ये रेसिंगची गाडी बांधायला घेतली, तेव्हा मी मनात म्हटलं, पोरी कौतुकाच्या आहेत, पण चालवायची वेळ आली की पप्पांनाच हाक मारतील.

सहा महिन्यांनी गाडी तयार झाली. निळी, बुटकी, चार चाकं आणि मधे पाळण्याएवढी जागा. दुपारी चार वाजता ती माझ्या ट्रकमध्ये चढवून पुण्याला न्यायची होती. सकाळी तिथं तपासणी. तपासणी चुकली तर सहा महिन्यांची मेहनत गेली.

तीन वाजता मी म्हणालो, "शेडमधून ट्रकपर्यंत मीच नेतो."

ऋतुजा गाडीच्या आडवी आली.

"पप्पा, तिचा गिअर वेगळा आहे. सिक्वेन्शियल."

"गिअर म्हंजे गिअर! मला शिकवते काय?"

"तुमच्या ट्रकचा दांडा पाहिजे त्या गिअरला नेता येतो. ह्याचा फक्त पुढे-मागे हलतो. आत एक ढोल आहे. त्याच्यावर नागमोडी खाचा. दांडा एकदा हलवला की ढोल एक घर फिरतो, आणि एकच गिअर बदलतो. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. चौथ्यावरून एकदम पहिल्यावर नाही येता येत."

"मग मधले दोन कुठं जातात?"

"कुठे नाही जात, काका," फरहीन म्हणाली. "त्यांच्यातूनच उतरावं लागतं, जिन्यासारखं. रेसमध्ये हात चुकायला जागाच नको, म्हणून तसं केलंय. इंजिन मोटरसायकलचं आहे, गिअरही त्याच तऱ्हेचा."

"आमच्या मेव्हण्याच्या नव्या गाडीत स्टिअरिंगमागं प्लस-मायनस हाय, तसंच ना?"

"वापरायला तसंच. त्या गाडीच्या आत मात्र ऑटोमॅटिकचा कारभार असतो," ऋतुजा म्हणाली. "आणि नीट ऐका. दांडा पुढे ढकलला की खालचा गिअर. मागे ओढला की वरचा. न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे आहे, अगदी हलकं ओढायचं..."

मी इथपर्यंत ऐकलं. म्हणजे कानावर आलं. तोपर्यंत मी त्या पाळण्यात उतरलो होतो. पोट आत घ्यायला दोघींनी मदत केली. पाच पट्टे आवळले. हेल्मेट घातलं. पायात माझे नेहमीचे जाड बूट.

"पप्पा, बूट काढा. पेडल बारीक आहेत."

"बूट काढून गाडी चालवायला मी काय देवळात चाललोय?"

बटण दाबलं. इंजिन असं ओरडलं की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली! दांडा पुढे ढकलला, क्लच सोडला, आणि गाडी शेडच्या बाहेर! ट्रक समोरच उभा. मी अगदी रुबाबात न्यूट्रल करायला गेलो. आता अठ्ठावीस वर्षांच्या हाताला 'हलकं' कसं कळणार? दांडा मागे ओढला, तो सरळ दुसऱ्यात पडला. मी ब्रेक दाबला. बुटानं ब्रेकही दाबला आणि शेजारचा ॲक्सिलरेटरही दाबला. गाडीनं दोघांचा विचार केला आणि ॲक्सिलरेटरचं ऐकलं.

ट्रक बाजूला राहिला. फाटक मागं गेलं. समोर शेजारच्या काशिनाथच्या मुलीच्या हळदीचा मांडव! सगळा रस्ता अडवून बसलेला! पिवळ्या साड्यांतल्या पंधरा-वीस बायका, बेंजोवाले, आणि सगळ्यांत पुढे हातात हळदीची वाटी घेतलेली माझी मंदा.

"अवो! अवो, कुठं चाललाव?" मंदा ओरडली.

हा प्रश्न मलाही पडला होता. मी स्टिअरिंग उजवीकडे मारलं आणि मिठागराच्या बांधावर चढलो.

त्या बांधावरून मीठ भरलेली हातगाडी जाते. आमची गाडी दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा सोडून मावली. आता वेग कमी करायचा. ट्रकमध्ये अशा वेळी माझा हात आपोआप दांडा मागे ओढतो. ओढला. टक! गाडी कमी होण्याऐवजी पुढं झेपावली. तिसरा! म्हटलं, नीट लागला नसेल. पुन्हा ओढला. टक! चौथा! वर चढताना ह्या गाडीला क्लचसुद्धा लागत नाही, त्यामुळे तिनं माझी एकही चूक नाकारली नाही. मागून ऋतुजाचा आवाज: "पुढे ढकला, पुढे!" मला वाटलं, ती गाडी पुढे न्यायला सांगतेय. एवढ्या लांब आलो तरी पोरीचं समाधान नाही! मी रागानं पुन्हा ओढला. पाचवा!

(ट्रकचा दांडा आपण कुठल्या गिअरात आहोत ते हाताला सांगतो. हा दांडा दर वेळी मधे परत येऊन असा उभा राहतो, जसं काही घडलंच नाही.)

शेवटी बूट सरकला, ॲक्सिलरेटर सुटला, आणि नुसता ब्रेक लागला. पाचव्या गिअरात गाडी खोकली, दोन आचके दिले आणि बंद पडली. समोर दहा पावलांवर बांध संपला होता. तिथं एक बगळा उभा होता. तो माझ्याकडे बघत होता.

ऋतुजा आणि फरहीन धापा टाकत मागं पोचल्या. त्यांना काही बोलू न देता मी विचारलं, "रिव्हर्स कुठं हाय?"

"रिव्हर्स नाही, पप्पा."

"म्हंजे? लावायचा विसरलाव काय?"

"मोटरसायकलला असतो का रिव्हर्स?"

खरं तर तेव्हा गप्प बसायचं. गाडी दोघींनी न्यूट्रलमध्ये मागे ढकलत नेली असती. पण मी म्हणालो, "बाजूला हो, जागच्या जागी वळवतो," आणि बटण दाबलं. दांडा चार वेळा पुढे ढकलला. पहिला मिळाला, हे माझं आजवरचं सर्वांत मोठं यश! स्टिअरिंग पूर्ण वळवलं, क्लच सोडला, आणि पुढचं डावं चाक बांधावरून खाली गेलं. गाडी पोटावर बसली. मागचं उजवं चाक हवेत.

मी पट्टे सोडायला लागलो.

"हलू नका!" ऋतुजा आणि फरहीन एकदम किंचाळल्या.

"का?"

"काका, तुमच्या वजनावर गाडी अडलीय. तुम्ही उतरलात तर ती पाण्यात जाईल!"

आयुष्यात पहिल्यांदाच माझं पोट तांत्रिक कामाला आलं. मी श्वाससुद्धा बेतानं घेऊ लागलो. घड्याळात साडेतीन. ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते माझ्याकडून लपवायला ती चाकाशी उगाच खाली वाकली होती. त्या क्षणी मात्र मला माझी खरोखर लाज वाटली. म्हटलं, ह्या पोरीनं रात्रीचा दिवस केला आणि मी पाच मिनिटांत तिची गाडी मिठात घातली.

तेवढ्यात बांधावर पिवळी रांग दिसली. सगळी हळद आमच्याकडेच येत होती! पुढे मंदा, साडीचा काष्टा मारलेली.

"काय झालं ते मंग सांगा. आदी कुठं धरायचं ते बोल, ऋतू!"

"मावशी, इथे सांगाड्याच्या नळीला धरा. चाकाला नको," फरहीन सांगू लागली. चार बायका उजवीकडे, चार डावीकडे गुडघाभर पाण्यात, काशिनाथ मागे. आमच्या बायकांनी जन्मभर मिठाच्या टोपल्या उचलल्या आहेत. त्यांना ही गाडी म्हणजे काहीच नव्हतं.

"आन् ह्यांना उतरवायचं न्हाय?" एकीनं विचारलं.

"राहू दे," मंदा म्हणाली. "उतरले तर अजून कायतरी चालवतील."

मागून आलेल्या ढोलकीवाल्यानं न सांगता ठेका धरला. त्या ठेक्यावर गाडी माझ्यासकट वर उचलली गेली, हवेत गावाकडे तोंड करून फिरली आणि अलगद खाली आली. निळ्या रंगावर सगळीकडे पिवळे पंजे! मला उतरवलं गेलं. कुणीतरी माझ्याही गालाला हळद लावली.

ऋतुजानं हेल्मेट घातलं आणि आत बसली. मला म्हणाली, "आता बघा."

टक, तिनं पहिला टाकला. गाडी सुटली. टक! दुसरा. आवाज जरासुद्धा तुटला नाही, नुसता एक पायरी वर चढला. टक! तिसरा. डोळ्याची पापणी लवते ना, तेवढाच वेळ! बांध संपायच्या आधी ती एकेक गिअर उतरत आली: दुसरा, पहिला, प्रत्येक गिअरला इंजिन एकदा हुंकारलं, आणि गाडी फाटकातून वळून थेट ट्रकच्या फळीवर चढून थांबली. एवढ्या वर्षांत असा गिअर बदललेला मी कधी ऐकला नव्हता. मी बांधावर उभा राहून दोन्ही हात वर करून नाचलो. बायका आधीच नाचत होत्या, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

चारला पाच मिनिटं असताना ट्रक निघाला. ट्रक मी चालवला. तेवढं मला करू दिलं.

तपासणीत गाडी पास झाली. परीक्षकांनी गिअरबॉक्सचं खास कौतुक केलं. इतकी कडक चाचणी इतर कुठल्याच कॉलेजनं घेतली नव्हती म्हणे! पोरींनी लिहिलेल्या अहवालात माझं नाव छापून आलंय, असं कळल्यावर मी चष्मा लावून पानं उलटली. नाव होतं. 'संभाव्य धोके' ह्या मथळ्याखाली, पहिल्या क्रमांकावर.

आग दुसऱ्या क्रमांकावर होती.