राज्य झालं त्या दिवशीची भाजी

दोहात, अल सद्द भागातल्या आमच्या इमारतीत परवा कुणीतरी बांबूचे आंबवलेले कोंब शिजवत होतं. त्या वासासरशी मला लहानपणीचं अरुणाचल आठवलं.

बाबा तिथे रस्त्यांच्या कामावर इंजिनीअर होते. केंद्रशासित प्रदेशाचं राज्य झालं, त्या दिवशी मैदानात ढोल वाजत होते. शेजारी राहणाऱ्या, मूळच्या तिथल्याच यामीमावशींनी कोंबांची भाजी आणून दिली आणि आईला सरळ विचारलं, "अब आप लोग जाओगे, या और लोग आएँगे?"

आई नुसती हसली. दार लावल्यावर मला म्हणाली, "खाऊ नकोस. आपल्याला घालवायचंय त्यांना."

मलाही तेच खरं वाटलं. आता कतारमध्ये परकी म्हणून इतकी वर्षं काढल्यावर वाटतं, नवं राज्य खरंच तिथल्या माणसांच्या हातात राहणार का, एवढंच मावशींना आमच्याकडून ऐकायचं होतं. आमचा त्यांच्या भाजीवर बसला नाही, तसा आईच्या त्या हसण्यावर त्यांचाही विश्वास बसला नसणार.