पाय शेकायची वीट

नाताळच्या आदल्या संध्याकाळी कॅझ पिएत्राकने वारलेल्या बायकोचा कॉम्प्युटर रागाच्या भरात मागच्या दारातून बर्फात भिरकावला, अशी बातमी दोन दिवसांत अमेरिकेतल्या ईरी शहराच्या अख्ख्या पूर्व भागात पोचली होती. ती खोटी. कॉम्प्युटर तळघरातल्या टेबलावर होता तिथेच आहे. भिरकावली ती वीट, आणि राग बायकोवर नव्हता.

वीट म्हणजे त्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय. यंत्र चाळीस वर्षांपूर्वीचं, सगळा संसार कीबोर्डच्या पोटात, आणि वीज पुरवायला बाहेर हा काळा ठोकळा, आत राळ ओतून कायमचा बंद केलेला. वजनाला वीट, तापायलाही वीट. माणूस म्हातारा झाला की त्याच्याकडून कमी मिळतं. या विटा म्हाताऱ्या झाल्या की जास्त देतात. पाचच्या जागी आठ-नऊ व्होल्ट, आणि समोरच्या चिपा भाजून निघतात.

हे गावाला शिकवलं कोणी, तर कॅझनेच. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं वायरमन होता. निवृत्त झाल्यावर जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा क्लब चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी भरायचा, तिथे बसून तो लोकांच्या विटांचे गळे कापायचा. गोल प्लगसकट वायर कापायची आणि नव्या, हलक्या सप्लायला जोडायची. व्होल्ट वर गेले तर आपणहून बंद पडेल अशी सोय आत. वर प्रत्येकाला दम भरायचा की थंड विटेला मीटर लावून फसू नका, तासभर चालवून तापवा आणि मग मोजा. थंड असताना सगळ्याच विटा सभ्य असतात, असं त्याचं म्हणणं. पंचेचाळीस घरांतली यंत्रं त्याने वाचवली.

सेहेचाळिसावं घर त्याचं स्वतःचं.

खरं तर पहिला सप्लाय त्याने रेजीनासाठीच बनवला होता, अक्रोडाच्या फळीची पेटी करून, पॉलिश मारून. तिने पेटीवरून हात फिरवला, कौतुक केलं आणि मग विचारलं, "हा तापतो कुठे?" कारण ती तळघरात बसायची तेव्हा लोकरी मोजे घातलेले दोन्ही पाय विटेवर ठेवायची. तळघराच्या फरशीवर डिसेंबरात अनवाणी उभं राहून बघा, म्हणजे कळेल. "तू माझी शेगडी काढून घेतोयस आणि वर गिफ्ट म्हणून गार डबा देतोयस," ती म्हणाली. कॅझ हसला. पेटी फळीवर गेली.

तीन वर्षांपूर्वी रेजीना गेली, पेटी फळीवरच राहिली. क्लबातली मंडळी टोचायची, तेव्हा या आठवड्यात बसवतो म्हणायचा. आणि रोज खाली जाऊन स्वतःच मोजे घालून विटेवर पाय ठेवून बसायचा. शेजाऱ्यांना हे कसं कळलं विचारू नका. तळघराच्या खिडक्या जमिनीलगत असतात, आणि दारापुढचा बर्फ सगळ्यांनाच उपसावा लागतो.

त्या यंत्रात एक अंगाई होती. रेजीनाची आई पोलिशमध्ये गुणगुणायची ती. रेजीनाने अख्खा हिवाळा खर्चून, एकेक आकडा टाकत, ती यंत्राला गायला शिकवली होती. आवाजाच्या त्या चिपा एका साच्यातल्या असल्या तरी प्रत्येकीचा गळा वेगळा. रेजीनाने कान लावून आकडे खालीवर करत त्या एका चिपेतून आईचा घोगरा, ओळीच्या शेवटी विरणारा आवाज काढला होता. नाताळच्या आदल्या दिवशी पहिली चांदणी दिसली की ती वाजायची, आणि मगच सगळी जेवायला बसायची. रेजीनाची धाकटी बहीण बर्निस त्यासाठीच यायची. आईचा दुसरा कुठलाही आवाज तिच्यापाशी उरला नव्हता.

या खेपेला कॅझ चारलाच खाली जाऊन बसला. मीटर लावला होता त्याने, विसरला नव्हता. काटा पाचावर. पण वीट गार होती, आणि हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? फळीवरची पेटी जोडायला पंधरा मिनिटं लागली असती. गाणं तीन मिनिटांचं, म्हणून त्याने ती उतरवली नाही. यंत्र चालू करून पाय शेकत बसला.

पाचला बर्निस वरून पिएरोगींचं, म्हणजे पोलिश उकडीच्या करंज्यांचं, पातेलं झाकून खाली आली. गाणं वाजलं. तिने पुन्हा मागितलं, मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा दुसऱ्या ओळीवर आवाज किंचाळल्यासारखा चढला, पडद्यावर रंगीत कचरा पसरला आणि जळका वास आला. कॅझने प्लग उपटला तोवर सगळं संपलं होतं. वीट काखेत घेऊन मागच्या दाराशी गेला आणि ती बर्फात भिरकावली. मागच्या घरातल्या बाईंनी एवढंच पाहिलं, बाकीचं स्वतःचं घातलं.

जानेवारीत त्याने यंत्र जिवंत केलं. मेमरीच्या चिपा बदलल्या, अक्रोडाची पेटी एकदाची जोडली. आवाजाची चिप आता कुठे बनत नाही. क्लबातल्या एकाने आपल्या मेलेल्या यंत्रातली काढून दिली. फ्लॉपीवर अंगाई शाबूत होती. सूर सगळे बरोबर लागले, पण गाणारी कोणी सोळा वर्षांची पोरगी वाटत होती, स्वच्छ गळ्याची. कॅझने तीन आठवडे आकडे बदलले. घोगरेपणा आणायला जावं तर आवाज फाटायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी चर्चमधल्या मासच्या प्रार्थनेनंतर त्याने बर्निसला बोलावलं. मागच्या घरातल्या त्या बाईंनाही बोलावलं, म्हणजे कोणी बातम्या बनवायला नकोत. गाणं संपलं. बर्निसने डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाली, "हुबेहूब, कॅझ. आई अगदी अशीच गायची. काही बदललं नाही."

कॅझने यंत्र बंद केलं.

"दर वर्षी तू डोळे मिटून ऐकायचीस, बर्निस. आज सगळा वेळ माझ्याकडे बघत होतीस."