आत्याबाईंचा गुडघा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते — का, ते मात्र विचारू नका.

संस्थानी काळ होता; महाराजांच्या राज्यात पेठेपेठेला तालीम होती, आणि मोडलेले पैलवान पुन्हा उभे करणारी माणसंही होती. माझ्या सासूबाई — त्यांना मी आत्याबाई म्हणायचे — परसात घसरून गुडघ्यावर पडल्या. आमच्यात परका पुरुष आत यायचा नाही, म्हणून तालमीतल्या हाडवैद्याची बायको आली — सकीनाबी.

तिनं चोळून सूज उतरवली, आणि जाताना उंबऱ्यात मला स्वतःच्या पायावर दाखवलं. बाजेच्या कडेला बसवायचं, पाय सरळ करून दहा मोजायचे, मग वाकवायचा. रोज बोटभर जास्त. म्हणाली, "रडल्या तरी सोडू नगंस. म्हैनाभर निजून ऱ्हायल्या तर गुडघ्याचं लाकूड हुतंय."

त्याच उंबऱ्यातून आत्याबाईंनी माझ्या वडिलांना परत पाठवलं होतं. मलकापूरहून चालत आलेले, आजारी, मला एकदा बघायला. मी चुलीपाशीच होते — आणि आत्याबाईंनी सांगितलं, सून घरात नाही. वडील वारल्यावर भावाकडून कळलं मला. किती दिवस गिळलं असेल मी ते?

आता त्यांचा पाय माझ्या हातात होता.

छळ? छे. पहिल्याच दिवशी त्या कळवळल्या, तसा मी पाय खाली ठेवला. म्हटलं, राहू दे, निजून राहा, मी आहे ना. उशी दिली, शेक दिला, ताट जागेवर दिलं. गल्लीत माझं नाव झालं.

महिन्यानं सकीनाबी आली. गुडघा हलेना. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "रोज करून घेतलंस न्हवं?"

बोलल्या त्या आत्याबाई. "रोज घेती की. माझंच हाड म्हातारं. पोरीला बोल लावू नगंस."

माझ्यासाठी खोटं बोलल्या. त्यांना वाटलं, मी मायेनं सोडलं.

करूनही असा राहिला, तर आता इलाज नाही, असं म्हणून सकीनाबी उठली. मी खरं बोलले असते तर ती गुडघा सोडवायला पुन्हा खाली बसली असती — हे मला तेव्हाच कळत होतं. मी तिला दारापर्यंत सोडून आले.

लाज वाटली का? वाटली. पण मनाला गारवा वाटला, तो जास्त.

पुढे अकरा वर्षं त्या भिंत धरून पाय ओढत राहिल्या. दारात कुणी हाक मारली की बाजेवरूनच म्हणायच्या, "बघ गं, कोण आलंय." उंबऱ्यापर्यंत मीच जायचे. आणि दर वेळी मला बरं वाटायचं.