इरम्माला गाडी लागते

नळदुर्गात हायवेच्या कडेला घर, दारावरून सोलापूर-हैदराबादच्या गाड्यांची रीघ, आणि घरधनिणीला काय, तर गाडी लागते! आता याला काय म्हणावं? इरम्माचं असंच होतं. ढाब्यांना कडक भाकऱ्या करून देणं हा तिचा धंदा. तिच्या कुडकुडीत भाकऱ्या ट्रकवाल्यांबरोबर पार विजयवाड्यापर्यंत फिरून आल्या, पण इरम्मा स्वतः तुळजापूरच्या पुढं कधी धड गेली नाही. बस सुरू झाली, डिझेलचा वास नाकात शिरला की पोटात ढवळायला लागायचं, कानशिलं गार पडायची आणि दुसरं वळण यायच्या आत पदर तोंडाला.

बरं, गाडी लागणं हा काय गुन्हा आहे का? कुणाला दूध पचत नाही, कुणाला वांगं चालत नाही, म्हणून त्यांना कुणी घरात कोंडून ठेवतं? पण इरम्माच्या घरच्यांना हे एक बरं सापडलं होतं. लग्न असो, जत्रा असो, कुणाचं जावळ असो, सगळे नटूनथटून जीपमध्ये बसायचे आणि नवरा, किराणा दुकानवाला गुरुसिद्धप्पा, जीपमधूनच सांगायचा, “तू ऱ्हा घरी. तुला गाडी लागती. म्हशीकडं बघ.” म्हशीकडं कुणीतरी बघायला पाहिजेच होतं, ती गोष्ट निराळी.

एकुलत्या लेकीच्या, भुवनेश्वरीच्या लग्नाला मात्र तिला न्यावंच लागलं. मुलाकडच्यांनी लग्न बीदरला धरलं होतं. वऱ्हाडाच्या बसमध्ये इरम्मा ओकली, आणि पुढच्या सीटवरच्या बायका नाकाला पदर लावून अशा काही खिदळल्या की ते हसणं तिच्या काळजात रुतून बसलं. नवरीची आई म्हणून मांडवात मिरवायचं सोडून बाई दिवसभर खांबाआड उभी राहिली. त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून गाडीत बसायचं नाही.

आणि मग गुवाहाटीहून फोन आला. जावई उमाशंकर फौजेत, तिथंच त्याचं क्वार्टर. भुवनेश्वरीला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून इरम्मानं डिंक, खारीक, आळीव सगळं डब्यांत भरून तयार ठेवलं होतं, जुनी मऊ लुगडी धुऊन ठेवली होती. तर फोनवर जावई म्हणाला, “मामी, डॉक्टरनं प्रवास बंद केलाय. बीपी वाढलंय तिचं. तिला आणता येत न्हाय. तिकडूनच कुणीतरी आलं तर बरं व्हईल.” त्याची आई तर तो शाळेत असतानाच वारली होती. म्हणजे जायचं ते इकडूनच कुणीतरी.

घरात लगेच बैठक बसली. बैठक कसली, निकालच लागला. धाकटी जाऊ प्रेमाबाई पुढं सरसावली. “अक्का, म्या जाते. मला इमानाची सवय हाय.” ही बाई एकदा हैदराबादहून तिरुपतीला विमानानं जाऊन आली होती, पण तेव्हापासून विमान हिनंच विकत घेतल्यासारखी बोलायची. गुरुसिद्धप्पानं मान हलवली. इरम्मा म्हणाली, “आन् म्या?”

“तू?” गुरुसिद्धप्पा हसला. “अगं, हितं शेजारी अणदूरपतूर जायचं तर तुला दोन पिशव्या लागत्यात. इमानात बसलीस तर बाळंतीण ऱ्हाईल बाजूला, लोकांना तुझीच शेवा करावी लागंल!”

सगळे हसले. इरम्मानं फोन उचलला आणि लेकीला लावला. वाटलं, लेक तरी म्हणेल, अव्वा तूच ये. पण पलीकडून भुवनेश्वरी हळूच बोलली, “अव्वा, काकूच येऊ दे. तुला लई तरास व्हईल. बीदरला काय झालं ते म्या इसरले न्हाय.”

लेकीनं मायेपोटीच म्हटलं होतं हो. पण इरम्माला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ती चुलीपाशी जाऊन बसली. पीठ पुढ्यात, हात पिठात, आणि डोळ्यांतून धारा. मग एकाएकी तिनं डोळे पुसले, परातीवर हात आपटला आणि तिथूनच ओरडली, “ज्या पोटानं तिला नऊ महिनं सांभाळलं, ते पोट मला चार घटका सांभाळता येत न्हाय व्हय? लेक माहेरी येऊ शकत न्हाय ना? मग माहेर उठून तिच्याकडं जाईल. आन् तिचं माहेर म्या हाय. प्रेमा न्हाय!”

चुलीपुढची बाई अशी बोलते, हे त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं.

नुसतं बोलून काय होतं? पोट काही भाषणाला घाबरत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी भाकऱ्यांचं काम उरकलं आणि इरम्मा एसटीत जाऊन बसली. नळदुर्ग ते अणदूर, जायचं आणि यायचं. काम काही नाही, नुसतं बसायचं शिकायचं. प्रेमाबाईनं सल्ला दिला होता, “अक्का, पोट रिकामं ठिवा, म्हंजी काय पडायचंच न्हाय.” इरम्मानं पाणीसुद्धा प्यायलं नाही. झालं काय, तर अणदूर यायच्या आत नुसतं कडू पित्त पडलं आणि आतडी पिळवटून निघाली. प्रेमाबाईच्या अकलेला तिनं तिथंच हात जोडले.

मग तिनं स्वतःच एकेक करून बघितलं. पोटाला वर्तमानपत्र बांधलं. घाम आला, गुण आला नाही. लिंबू हुंगलं, बरं वाटलं. मागच्या सीटवर बसली की आदळआपट, म्हणून ड्रायव्हरच्या मागची सीट धरली. खाली बघायचं नाही, लांब बघायचं. आणि सगळ्यांत उपयोगी पडली ती तिचीच कडक भाकरी. तुकडा मोडायचा, सावकाश चघळायचा. कोरडं पोटात गेलं की वर येणारं खाली बसायचं. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी एक गोळी लिहून दिली आणि बजावलं, “विमान सुटायच्या आधी घ्यायची, पोटात कालवायला लागल्यावर घेऊन उपयोग न्हाय.” तीही तिनं पदराच्या गाठीला बांधली.

तरी ओकारी गेली का? नाही गेली. कमी झाली, पण गेली नाही. एकदा उमरग्याच्या बसमध्ये पुन्हा व्हायची ती झाली. इरम्मानं पिशवीत ओकलं, पिशवीला गाठ मारली, तोंड पुसलं. शेजारचा धोतरवाला नाक मुरडून म्हणाला, “मावशी, लागतंय तर घरी बसावं की मानसानं.”

इतकी वर्षं असं कुणी बोललं की इरम्मा मेल्याहून मेली व्हायची. त्या दिवशी तिनं मान वर केली. “घरी बसून बसूनच म्हातारी झाले, दादा. आता गाडीत बसते. तुमाला वास येतोय तर तिकडली खिडकी उघडा.”

धोतरवाल्यानं खिडकी उघडली. आणि तिथं, त्या खडखडणाऱ्या बसमध्ये, इरम्माच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओकून कुणी मरत नाही. ओकारी चार मिनिटांची. घरात अडकवून ठेवलं होतं ते लाजेनं. लोक काय म्हणतील, लोक नाक धरतील, लोक हसतील! लोकांनी तिची कुठली लेक वाढवली होती? ती घरी आली ती ठरवूनच: ओकीन, पण जाईन.

जावयाला फोन करून तिनं तसं सांगितलं आणि त्यानं तिच्याच नावाचं तिकीट पाठवलं. गुरुसिद्धप्पा हैदराबादपर्यंत पोचवायला आला. “तुमी बी चला की,” ती म्हणाली, तर म्हणाला, “आन् दुकान कोण बघंल?” बसमध्ये वाटेत तिला झालंच, पण तिनं कुणाची माफी मागितली नाही. विमानतळाच्या काचेच्या दारापाशी त्यानं पुन्हा एकदा टुमणं लावलं, “बघ बाई, आजून बी माघारी फिरता येतंय.” इरम्मानं पिशवी खांद्याला लावली. “माघारी तुमी फिरा. म्हशीकडं बघा,” म्हणाली आणि आत शिरली.

आत तपासणीला फौजदारणीसारखी एक बाई उभी होती. तिनं पिशवीतली भाकऱ्यांची चवड बाहेर काढली, बोटानं टकटक वाजवून बघितली आणि विचारलं, “ये क्या है अम्मा?” इरम्मा म्हणाली, “भाकर है. खाके देखो.” ती बाई हसली आणि तिनं पिशवी सोडली. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी इरम्मानं स्वतःच उघडून दाखवली. गोळी घेतली, पाणी प्यायली, भाकरीचा तुकडा दाढेखाली धरला. सगळं शिकल्याप्रमाणं.

पण विमान काही एसटी नव्हे. धावत सुटलं, थरथरलं आणि एकदम जमीन सोडली, तेव्हा इरम्माचं काळीजही खाली हैदराबादेतच राहिलं. खाली घरं काडेपेटीएवढी झाली आणि तिला वाटलं, संपलं! आता हे पडणार आणि आपली राखसुद्धा नळदुर्गाला जायची नाही. शिवा शिवा म्हणत तिनं सीटचा दांडा असा आवळला की बोटं पांढरी पडली. भीती वाटली, लई वाटली, खोटं कशाला सांगायचं?

वर गेल्यावर ढगात विमान हिंदकळायला लागलं आणि पोटानं दगा दिला. समोरच्या खिशातली कागदी पिशवी तिनं काढली आणि ओकली. शेजारी कोट घातलेला गृहस्थ होता. तो अंग चोरून ओरडला, “अरे, इनको कहीं और बिठाओ ना! पूरा रास्ता ऐसे ही करेंगी क्या?” दोन-चार माना वळल्या. हवाई सुंदरी धावत आली.

बीदरची इरम्मा असती तर तिनं पदरात तोंड लपवलं असतं. हिनं पिशवीचं तोंड मुडपलं, स्वतःचं तोंड पुसलं आणि आपल्या नळदुर्गी हिंदीत शांतपणे सांगितलं, “साब, थैली में करी मैं, तुमारे कोट पे नै करी. बेटी का बाळंतपण है, जाना पडताय. फिर आई तो फिर करूंगी. तुमकू घिन आरी तो तुमीच उठके जाव. मैं नै उठती.”

हवाई सुंदरी ओठ दाबून हसली, पिशवी घेऊन गेली आणि येताना पाण्याचा पेला घेऊन आली. कोटवाला खरोखरच उठून मागं जाऊन बसला. इरम्माला काय, जागा ऐसपैस झाली.

विमान पुन्हा हललं. या वेळी जोरात, कुणीतरी किंचाळलंसुद्धा. इरम्माच्या अंगाला दरदरून घाम फुटला आणि तिला जो राग आला, तो आला! आयुष्यभर हिला सगळ्यांनीच दटावलं होतं, आता हे लोखंडसुद्धा दटावायला लागलं? तिनं खिडकीकडं तोंड करून त्या विमानालाच खडसावलं, “हल! किती हलायचं ते हल. म्या काय उतरणार न्हाय!”

उतरायला तिथं जागा तरी कुठं होती म्हणा. पण बोलल्यावर छातीतलं धडधडणं जरा कमी झालं. भीती होतीच, तिनं ती तशीच शेजारच्या रिकाम्या सीटवर बसू दिली आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.

गुवाहाटीला क्वार्टरच्या दारात भुवनेश्वरी दोन्ही हातांनी कंबर धरून उभी होती. आईचं तोंड पिवळं पडलेलं, केस विस्कटलेले, पातळाचा चोळामोळा झालेला. “अव्वा, खरंच आलीस?” एवढंच ती बोलली आणि आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. इरम्मा म्हणाली, “आत चल. उभी राहू नगं. चहा बी तू करू नगं, म्याच करते.”

दिवस भरले आणि कळा सुरू झाल्या. दवाखान्यात आत बाळंतिणीजवळ एकच बाई थांबू देत होते. उमाशंकर काळजीनं म्हणाला, “मामी, तुमी भाईर बसा. आत लई रगत-बिगत असतंय. तुमाला सोसायचं न्हाय. शेजारच्या वैनीला सांगतो.” पोरगा चांगला होता, पण शेवटी पुरुषच. इरम्मा चप्पल काढून आत गेली.

आत भुवनेश्वरी घामानं भिजून निघाली होती. कळ आली की पलंगाचा दांडा धरून ताठ व्हायची. “अव्वा, मला भ्या वाटतंय. माझ्यानं न्हाय व्हणार.”

“वाटू दे. मला बी वर ढगात लई वाटलं. भ्या काय गेलं न्हाय बग, भेत भेतच आले तुझ्यापतूर. तू बी भेत भेतच कर.”

पुन्हा कळ आली आणि कळेबरोबर भुवनेश्वरीला ढवळून आलं. आईनं पुढं केलेलं भांडंही तिला दिसलं नाही. भडभडून सगळं इरम्माच्या छातीवर, पदरावर, हातांवर पडलं. नर्स तोंड वाकडं करून मागं सरकली. लेक एवढ्या वेदनेतही शरमेनं मेली. “अव्वा, तुजं पातळ... चुकलं गं... मला कळलंच न्हाय...”

इरम्मा जागची हलली नाही. तिनं तोच पदर उलटा करून लेकीचं तोंड पुसलं आणि तिचं डोकं आपल्या घाण झालेल्या छातीशी घट्ट धरलं. जन्मभर तिला एकानंही जे म्हटलं नव्हतं, ते ती म्हणाली.

“ओक, माझे बाई, ओक. म्या धरलंय तुला. लाजायचं न्हाय.”