चार ओळींचा अहवाल

टेलिफोनबाईंना कुणी गुप्तहेर म्हटलं की हसू यायचं. त्यांच्याकडे ना पिस्तूल ना लांब कोट; लाँड्रीच्या वरची वाफेच्या वासाची एक खोली, दोन खुर्च्या आणि तिखट कान. बावीस वर्षं टेलिफोन ऑफिसात परक्यांची बोलणी जोडून दिली आणि ऑफिस बंद पडल्यावर त्या हरवलेली माणसं शोधायला लागल्या. त्यांचा नियम एकच, आणि त्यापायी कित्येक गिऱ्हाइकं तावातावानं जिना उतरून गेली: सापडलेल्या माणसाला विचारल्याशिवाय पत्ता द्यायचा नाही.

एकदा व्याकरण शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर थोरल्या मुलीला घेऊन आले. धाकटा मुलगा अकरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. मुलासारखा वागणार नसशील तर या घरात राहू नकोस, असं आपणच रागाच्या भरात म्हणालो, हे मास्तरांनी मान खाली घालून सांगितलं. तेव्हापासून तो कुणालाच दिसला नव्हता.

मास्तर फोटोची झेरॉक्स काढायला खाली गेले, तेव्हा बाईंनी थोरलीला भावाच्या तब्येतीचं विचारलं.

"थंडी सोसत नाही त्याला. मागच्या हिवाळ्यात भेटली तेव्हासुद्धा..." थोरली तिथंच अडकली.

दुसऱ्या कुणी तिला धारेवर धरलं असतं. बाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. तिला भेटणारं कुणीतरी आहे." थोरलीला रडू आवरेना. अकरा वर्षं एकटीनं पोटात ठेवलं होतं बिचारीनं. रडता रडता तिनं पत्ता सांगून टाकला.

धाकटी शिलाई मशीन दुरुस्त करायची. बाई गेल्या तेव्हा ती एक मशीन उलटं करून त्यात तेल सोडत होती. वेणी पाठीवर, हात कोपरापर्यंत काळे. सगळं ऐकून घेतलं तिनं, हातातलं काम न थांबवता.

"बाबांना मुलगा हवाय. तो माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "मुलगी चालणार असेल तर पत्ता द्या. पण मी मुलगी आहे हे तुम्ही सांगायचं नाही. त्यांचं त्यांना कळू दे."

आता आली का पंचाईत! न सांगता कळवायचं कसं? बाईंनी अख्खी दुपार घालवून चार ओळींचा अहवाल लिहिला. आपल्या भाषेत माणसाबद्दल दोन वाक्यं लिहायची तरी क्रियापद चहाडी करतं. बाईंनी एकाही क्रियापदाला तोंड उघडू दिलं नाही. 'आपलं अपत्य सुखरूप आहे. तब्येत उत्तम. कामात हात बसलाय, घरची आठवण रोज निघते. भेटायची इच्छा आहे आणि भीतीही आहे.'

मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. मग बोट ठेवलं ते नेमकं 'अपत्य' या शब्दावर. मुलगा लिहायला काय झालं होतं, असं ते चिडून विचारणारही होते. पण तेवढ्यात उरलेल्या ओळींवरून त्यांचं बोट पुन्हा सावकाश फिरलं. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, त्याच्या नजरेतून काय सुटणार? टेलिफोनबाईंनी पाणी पुढे करण्यापलीकडे काही केलं नाही, आणि मला विचाराल तर त्यांचं सगळं मोठेपण त्या गप्प बसण्यात होतं.

अखेर मास्तरांनी कागद मागितला. 'कधी येतोस?' असं लिहिलं, थांबले, त्यातला 'तो' खोडला आणि वर 'ते' लिहिला. खाडाखोड झाली म्हणून ते दुसरा कागद मागायला लागले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "खोडलेलं दिसू दे तिला."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं ती चिठ्ठी उभ्यानंच वाचली.

"त्यांनीच खोडलं?"

"माझ्यासमोर."

"बाबा वहीत एकही खाडाखोड चालू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. चिठ्ठीला तेल लागू नये म्हणून तिनं ती बाईंच्या हातात दिली आणि नळावर जाऊन कोपरापर्यंत हात घासायला लागली.